मागाच्या खड्ड्यातली जोडी

थोरल्या कासवाने पुन्हा ढुशी मारली आणि धाकटं खड्ड्याच्या भिंतीवर आपटलं. काठावर उकिडवा बसलेला गुरप्पा आणखी पुढे वाकला. यातून पुढे काय होतं, ते त्याला बघायचं होतं.

माग विकून गुरप्पा गिरणीत लागला, तेव्हापासून विणताना पाय सोडायचा हा खड्डा रिकामा पडला होता. त्याने पाळलेलं थोरलं नर कासव तिथे ऐसपैस राहायचं. धाकटं आणलं ते काशम्माने, त्याच्या एकुलत्या एक लेकीने. गेल्या आठवड्यात ती कुंभारी गावच्या सासरहून एकटी चालत आली. कासव वाटेत सापडलं म्हणून तिने ते पदरात घालून आणलं होतं. तू का आलीस, हे गुरप्पाने विचारलं नाही. कासव मात्र उलटंसुलटं करून पाहिलं, ही मादीच म्हणून निकाल देऊन टाकला आणि खड्ड्यात सोडलं.

तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. गिरणीतून आला की हातपाय न धुता आधी खड्ड्यात डोकावायचा. दोघं एका पानाला तोंड लावतात का, एका कोपऱ्यात निजतात का, याचं त्याला भारी कुतूहल. थोरलं मारतंय, दोघांना वेगळं ठेव, असं शेजारचा संगप्पा सांगून गेला, तर गुरप्पाने त्यालाच वेड्यात काढलं. एका घरात राहायचं म्हणजे भांड्याला भांडं लागायचंच. धाकटं उलटं पडून पाय झाडायला लागलं की तो त्याला सुलटं करायचा आणि परत थोरल्याच्या शेजारी ठेवायचा. होईल सवय.

लेकीलाही त्याने तेच सांगितलं होतं. परवा भाकरी थापता थापता ती खाली मान घालून म्हणाली, "आप्पा, मला तितं न्हाय ऱ्हायचं."

गुरप्पा जातिवंत कोष्टी. त्याच्यापाशी उत्तर तयार होतं. "धागा तुटला म्हणून कुणी माग मोडतं व्हय? सांधायचा अन् फुडं विणायचं."

काशम्माने पुढची भाकरी थापायला घेतली. एवढ्या उकाड्यातही ती दंडावर पदर ओढून बसायची. गुरप्पाला ते दिसलं होतं, पण त्याने तिकडे फार पाहिलं नाही. कासवं बघण्यात वेळ बरा जात होता.

आज गिरणीला सुट्टी होती, म्हणून लेकीला सासरी पोचवायचं ठरलं होतं. बाहेर टांगा येऊन थांबला. गुरप्पा उठणार तोच थोरल्याची आणखी एक ढुशी बसली आणि धाकटं उलटं झालं. या वेळी त्याने पाय झाडले नाहीत. थोरलं तरी मारतच होतं.

गुरप्पा घाईने खड्ड्यात उतरला आणि त्याने धाकट्याला उचललं. मान पार आत ओढलेली, मागच्या पायाशी रक्त. त्याच्यासाठी वेगळी टाकलेली मेथीही कोपऱ्यात तशीच सुकून गेली होती.

"ह्याला आता हितं न्हाय ठिवायचं," तो म्हणाला. "मरंल की ते."

काशम्मा गाठोडं घेऊन दाराशी उभी होती. ती माघारी आली आणि खड्ड्याच्या काठावर टेकली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. माहीत नसलेली गोष्ट विचारावी तसं तिने विचारलं.

"आप्पा, हे मरंल, हे तुमी कशावरनं वळखलंसा?"

गुरप्पाने मान वर केली. ती घरी आल्यापासून आत्ता कुठे तो तिच्याकडे नीट बघत होता. दंडावरचा पदर घसरला होता आणि तिने तो सावरला नाही.

टांगेवाल्याने दारातून विचारलं, किती माणसं आहेत म्हणून.

"कुणी न्हाय," गुरप्पा खड्ड्यातूनच म्हणाला. "रिकामाच जा बाबा."