चेनवाले आजोबा

"वहिनी, आजोबा गेले."

सायकलवालीच्या हातातला पान्हा पडता पडता राहिला. जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात नणंद मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

"गेले म्हणजे?"

"यादीतून गेले गं! 'माझं नाव काढा' म्हणून कळवलंय. तुझ्या कालच्या पत्राला हे उत्तर!"

हे आजोबा म्हणजे सायकलवालीचे पहिले वाचक. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी ती दर शनिवारी ईमेलने एक पत्र पाठवू लागली. ब्रेक कसे आवळायचे, हवा किती भरायची, असलं साधंसुधं. दुरुस्त झालेल्या प्रत्येक सायकलच्या हँडलला ती चिठ्ठी अडकवायची, 'पत्र हवं असेल तरच नाव नोंदवा.' नाव आलं की आधी एक ईमेल जायचं. त्यातलं 'हो, पाठवा' दाबलं तरच माणूस यादीत.

पहिले दोन महिने मेलं एकच नाव आलं. आणि त्या एकासाठी ही बाई दर शनिवारी पत्र लिहीत होती! उत्तरही यायचं, "ब्रेकचं समजलं. चेनचं नाही. परत सांगा." एका चेनवर तीन पत्रं झाली. इतक्या चिकाटीने चुका काढणारा माणूस निवृत्त मास्तरच असणार, असं दोघींनी ठरवून टाकलं. 'चेनवाले आजोबा' हे नाव नणंदेचं. सोपं कसं लिहायचं ते सायकलवाली त्यांच्यामुळे शिकली, आणि आता यादीत दोनशे तेरा माणसं होती.

जिन्याखालची जागा मात्र महिनाअखेर सोडायची होती. कारागीर मंडळ दरवर्षी बाजारातला एक गाळा एका कारागिराला द्यायचं. आधीचे गाळे गिऱ्हाइकावाचून बंद पडले, म्हणून यंदा अट होती: तुमच्या गिऱ्हाइकांची, वाचकांची यादी आणा, आम्ही त्यांना विचारून बघू. गाळा मिळाला तर धंदा, नाहीतर पान्हे पेटीत घालून घरी.

पण लोकांनी पत्ते तिला दिले होते, मंडळाला नव्हे. म्हणून काल तिने सगळ्यांना विचारलं होतं, 'गाळ्यासाठी अर्ज केलाय. मंडळाच्या अधिकाऱ्यांना तुमचा पत्ता दाखवू का?'

"एवढंसं विचारलं तर शेपूट घातली म्हाताऱ्याने," नणंद करवादली. "राहू दे नाव चार दिवस. कोण बघायला येतंय? आणि आमच्या ऑफिसात दहा हजार पत्त्यांची फाईल पडलीय. एका बटणाचं काम!"

"वन्सं, त्या दहा हजारांत एकाला तरी माझं पत्र हवंय का?"

"तुला गाळा हवाय ना पण?"

"हवाय गं. चार दिवस घास उतरत नाहीये. पण नको म्हणजे नको. दे इकडे तो लॅपटॉप."

तिने स्वतःच नाव काढलं. डोळ्यांत पाणी आलंच. मग शेवटचं म्हणून दोन ओळी लिहिल्या, 'तुमचं नाव काढलं आहे, यापुढे पत्र येणार नाही. तुम्ही एकटेच होतात तेव्हाही वाचलंत, म्हणून मी लिहीत राहिले. तुमचे उपकार विसरणार नाही.'

दोनशे बारांपैकी अडतीस जणांनी होकार दिला. तेवढेच पत्ते तिने मंडळात दिले.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. बाकावर एक शिंपी पाच हजार पत्त्यांची जाडजूड फाईल घेऊन बसला होता.

"आतल्या बाईंचं तोंड म्हणजे एरंडेल प्यायल्यासारखं," तो कुजबुजला. "वशिला नाही चालत इथे. गेल्या साली एका साहेबाची अर्जदाराशी ओळख निघाली, तर त्याला सही करू दिली नाही."

आतल्या अधिकारी बाई चाळिशीच्या होत्या आणि हसणं त्यांना माहीतच नसावं.

"अडतीसच?"

"बाकीच्यांनी हो म्हटलं नाही."

"कोणी सोडून गेलं?"

"एक. माझे सगळ्यात पहिले वाचक."

"का, ते विचारलं नाहीत?"

"नाव देताना त्यांना कारण विचारलं नव्हतं. काढताना कोणत्या तोंडाने विचारू?"

"राग आला असेल."

"आला की. पण बाई, ते नसते तर मी दुसऱ्याच महिन्यात लिहिणं सोडलं असतं. ज्यांनी मला उभं केलं त्यांच्यावर राग किती दिवस धरायचा?"

बाईंनी समोरचे कागद उगाच सारखे केले. "मी अडतीसच्या अडतीस जणांना विचारलं. सगळे म्हणाले, आम्ही आपणहून नाव दिलं. शिंप्याच्या यादीतल्या पहिल्या सहांनी मात्र मलाच झापलं, कोण हा शिंपी म्हणून." त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला. "गाळा तुमचा."

सायकलवालीने हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू, बाई?"

"माझे कसले उपकार? नियमाप्रमाणे झालंय." बाईंनी फाईल बांधली, कपाटात ठेवली, कुलूप घातलं. मग पर्समधून मोबाईल काढला आणि पहिल्यांदाच जरा ओशाळल्या.

"आता माझं काम संपलं. आता नाव द्यायला हरकत नाही. पहिला नंबर परत मिळायचा नाही, ठाऊक आहे मला. दोनशे तेरावा चालेल."