न छापलेली मांजर

शर्टांवर छापायच्या चित्रात फुलांच्या ढिगात काळीभोर मांजर होती. रंग सात, छपाईच्या फ्रेमा सहाच, आणि एका फ्रेमला एकच रंग. पहिल्यांदाच रंगांची वाटणी करणाऱ्या सुनेनं काळाच वगळला. "मांजरीच्या चित्रातून मांजरच हाकललीस?" कारखाना चालवणाऱ्या सासूबाई कडाडल्या. "शर्ट काळाच आहे ना, आई!" "बिघडलं तर पुन्हा शर्टांच्या घड्या घालायला बस." सुनेनं पहिल्या फ्रेमच्या जाळीवरून शाई ओढली. कापडावर पांढरे ठिपके उमटले, जणू पीठ सांडलं. पिवळा, हिरवा, निळा, गुलाबी... सासूबाईंचा टोमणा जिभेवर तयार होता. शेवटची, लाल फ्रेम उचलली आणि तो घशात उतरला. फुलांतून मांजर त्यांच्याकडेच रोखून बघत होती, मिशांसकट, कानांवरच्या लवेसकट. त्यांनी तिच्या पाठीवर बोट ठेवलं. तिथं शाईच नव्हती, नुसतं कापड. तरी बोट गोंजारतच राहिलं. "सरक," त्या कुजबुजल्या. "घड्या मी घालते. तू शेपटी दुमडशील."