दर महिन्याची दहा तारीख

कुंदा दाराजवळच्या चटईवर बसली होती. वेगळी ताटली, वेगळा पेला, चार दिवस कुणी शिवायचं नाही. दहिसरच्या चाळीतल्या एका खोलीत 'बाजूला' म्हणजे तरी किती लांब? स्टोव्हपासून सात पावलं. कुंदाने ती दोन ढांगांत कापली असती. पंधराशे मीटरला अख्ख्या जिल्ह्यात तिच्यापुढे कुणी नव्हतं. हे तिचं म्हणणं नाही, धावणं शिकवणाऱ्या सरांच्या घड्याळाचं.

आणि मुळात तिला बाजूला बसायचं कारणच नव्हतं. गणपतीनंतर तिला पाळी आलीच नव्हती. आता डिसेंबर लागला होता.

आधी तिला झकास वाटलं. सर म्हणायचेच, "अंगावरची चरबी म्हणजे पाठीवरचं दप्तर. उतरवा." कुंदाने उतरवलं. भात सोडला, मग भाकरी, मग आमटीतलं खोबरंसुद्धा बाजूला काढायला लागली. फासळ्या मोजता यायला लागल्या आणि सेकंद कमी झाले. गेल्या वर्षी पहिली आलेली क्षमा तिला म्हणाली होती, "माझी तर वर्षभर नाही. कटकट गेली ना यार."

त्याच क्षमाचा पाय गेल्या महिन्यात जिना उतरताना मोडला. पडली नाही, घसरली नाही, नुसती उतरत होती. डॉक्टरांनी विचारलं, ही पोरगी जेवते काय? सर तिला बघायला एकदाही गेले नाहीत.

तेव्हापासून कुंदाला भीती वाटत होती. पण आईला सांगितलं तर या रविवारची जिल्ह्याची शर्यत गेली. म्हणून ऑक्टोबरपासून चाललेलं नाटक तिने सोडलं नाही: दहा तारीख आली की ती आपली आपणच चटई अंथरायची, कोरी फडकी भिजवून दोरीवरच्या परकराखाली वाळत घालायची. मग चार दिवस आई लांबूनच ताटली सरकवायची, लांबूनच बोलायची. खरोखरची बाजूला बसायची तेव्हा तिला असं एकटं कधी वाटलं नव्हतं.

आज आईने ताटली सरकवली नाही. हातात घेऊन उभीच राहिली.

"काय गो कुंदा, तुझी दहा तारीख कधी चुकना नाय?"

"बरंय की मग."

"माझी कधी पाचाक, कधी बाराक. तुझी ऑक्टोबरात दहा, नोव्हेंबरात दहा, आज पण दहा. तुझ्या बाबांचो गिरणीतलो पगार तरी असो तारखेक झालो काय कधी?"

एरवी कुंदा खो खो हसली असती. तिने पायाच्या नखाने चटईची काडी उकरायला सुरुवात केली.

आईने ताटली खाली ठेवली, सरळ चालत आली आणि चटईवर बसली.

"आई, शिवशील."

"शिवतंय. कधीपासून नाय?"

दोरीवरच्या कपड्यांचं पाणी टपटप पडत होतं. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली.

"गणपतीपासून."

आईने तिचा दंड धरला. अंगठा आणि मधलं बोट दंडाभोवती सहज भेटली, वर एक पेर उरलं. आई त्या पेराकडेच बघत राहिली.

"रविवारी शर्यत आहे," कुंदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मी जिंकणार आहे, आई. सगळे म्हणतात."

"जिंकशीत." आईने दंड सोडला नाही. "पण धावता धावता अर्धी खंय टाकून इलंस गो तू?"