आलेच!

ध्यान शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "काही करू नका. नुसतं श्वासाकडे बघा." माझं मन म्हणजे उधळलेलं वासरू, पण आज ते मुकाट बसलं.

श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. गंमत म्हणून मी तो रोखून धरला.

तो थांबला नाही.

"अगं, चहा झाला!" नवऱ्याने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"आलेच!" माझाच आवाज म्हणाला. माझे ओठ मिटलेले होते.

पावलं माझ्या आसनावरून उठून गेली. तिकडे कपबशा वाजल्या, दोघं हसली.

मग नवरा दारात आला. त्याने थेट माझ्याकडे बघितलं आणि मागे स्वयंपाकघराकडे वळून करवादला, "खोलीत कुणी नसताना पंखा कशाला चालू ठेवतेस गं?"

त्याने पंखा बंद केला, दार ओढून घेतलं.

त्याला हाक मारायला मी श्वास घेऊ गेले. श्वास स्वयंपाकघरात चहावर फुंकर घालत होता.