उनेल्मातले हंस

साइमीच्या धुक्यात पुन्हा हंस उतरले.

पडद्यावर तिचंच तळं होतं. वितळत्या बर्फावरून धुकं सरकत होतं, आणि मध्येच, कुणी बोलावलं नसताना, पांढरे पंख. क्षणभरच. मग परत धुकं.

हंसांचा एकही फोटो तिने काढलेला नव्हता. हंस तिच्या वर्गमैत्रिणीचे, हेल्काचे, पलीकडच्या काठावरून टिपलेले. आणि स्कीच्या सुट्टीपासून दोघींचा अबोला होता. फिल्मवर कुणाचं नाव आधी, एवढ्याशावरून एका फिल्मच्या दोन फिल्म झाल्या होत्या.

दुपारी फिल्म वाचनालयात दाखवायला पाठवायची होती. साइमीने यार्मोला हाक मारली. यार्मो संगणकाचा मास्तर, सगळा वर्ग त्याला अरेतुरेच करतो. तो वाकून बघायला लागला आणि हसला. दोघींनी मिळून सी भाषेत लिहिलेला जुना प्रोग्राम साइमी अजून तसाच चालवत होती. हा प्रोग्राम फोटो आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि मग ओवून त्यांची फिल्म करायचा. त्या फोल्डरचं नाव त्यांनी हौसेने पक्कंच लिहून टाकलं होतं : उनेल्मा, म्हणजे फिनिशमध्ये स्वप्न. वर्गात पडदे अनेक, पण त्यांच्यामागचा मुख्य संगणक एक, खातंही एक. दोघींचे प्रोग्राम एकदम चालले की दोघी एकाच स्वप्नात.

"नावाच्या शेवटी सहा फुल्या टाक आणि फोल्डर करायचं काम एमकेडीटेम्प या फंक्शनवर सोड," यार्मो म्हणाला. "फुल्यांच्या जागी तो दर वेळी नवी अक्षरं भरतो. तुझी खोली तुझी. दुसरं कुणी फिरकणार नाही."

साइमीने फुल्या टाकल्या. फिल्म लावली. नुसतं धुकं. स्वच्छ, शांत, आणि इतकं रिकामं की तिच्या अंगावर काटा आला.

"झालं की," यार्मो म्हणाला. "हेल्काने सोमवारीच केलंय हे. तिचे फोटो आता उनेल्मात जातच नाहीत."

यार्मो पुढच्या टेबलाकडे गेला. साइमी बोटांवर दिवस मोजू लागली. सोमवारी? हंस तर काल, गुरुवारीही आले होते. आज सकाळीसुद्धा. मग ते वाट चुकून येत नव्हते. तिचा प्रोग्राम चालू झाला की कुणीतरी त्यांना अलगद, एकेक करून, मुद्दाम उनेल्मात सोडत होतं.

पुढच्या रांगेत हेल्का खिडकीबाहेर बघत होती. तिचे कान लालभडक झाले होते.

साइमीने फुल्या पुसल्या, उनेल्माची जुनी ओळ परत लिहिली आणि प्रोग्राम चालू केला.

"हेल्के," ती त्या पाठीला म्हणाली, "सोड की गं हंस. धुकं खोळंबलंय."