दोन वाट्या

पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन सिंधुबाई ब्राह्मणपुरीला घरी आल्या, तेव्हा डॉक्टरांनी सुनेला, रुचिकाला, बजावलं होतं, "दर दोन तासांनी थोडं थोडं पोटात गेलंच पाहिजे. अंगात ताकद नसली तर जखम भरणार नाही, जंतू मात्र जोर धरतील."

पहिल्या दिवशी सिंधुबाई वाटीला हातच लावेनात. दुसऱ्या दिवसापासून सासरे, भाईदासअण्णा, दर दोन तासांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहू लागले. "रुचिका, माले बी भूक लागनी व माय. दोन वाट्या दे."

दोन्ही वाट्या चाटूनपुसून परत येत आणि मागोमाग अण्णांचा ढेकर. शेजारीण हसली, "सासू खाटलावर आनि सासरा ताटवर!" रुचिकाला शंका आली. आईंच्या वाटणीचंही अण्णाच खात असतील तर?

दुपारी ती पाऊल न वाजवता दाराशी गेली. अण्णा मुगाची पातळ खिचडी कशीबशी घशाखाली ढकलत होते. खाटेवरून आईंनी विचारलं, "तुम्ही जेवनात ना?"

"हाई देख, जेवी लिधं. आते तू खाय."

लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या आधी कधी घास न घेतलेल्या सिंधुबाईंनी निमूट तोंड उघडलं.

रुचिका तशीच मागे फिरली. पुढच्या खेपेला तिने अण्णांच्या वाटीत हळूच चिमूटभर ओवा टाकला.