तळहातावरचा थेंब

तुळशीदासने पळीतून आमटीचा थेंब तळहातावर घेतला, जिभेने टिपला आणि मान डोलावली. मग गॅस बंद केला.

हॉटेलांच्या भट्टीपुढे केस पिकलेल्या आचाऱ्यांसाठी कॉलेजने एका वर्षात पदवी देणारा वर्ग काढला होता. आज शेवटचं प्रात्यक्षिक होतं. पदवी हाती आली की तिथेच मास्तरकी मिळणार होती आणि भट्टी सुटणार होती. ती सुटायलाच हवी होती. पावसाळ्यातल्या तापाने त्याच्या जिभेची चव पार नेली होती, हे त्याच्या हॉटेलच्या मालकालाही ठाऊक नव्हतं. हाताचा अंदाज तेवढा शाबूत होता, त्यावरच त्याने आजवर निभावलं होतं.

परीक्षक बाईंनी चमचा तोंडाला लावला आणि घाईघाईने पाण्याचा ग्लास उचलला.

"शिजलेल्या डाळीत आम्हीच आधी मीठ घालून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्यांनी ओळखलं. तुम्ही वर आणखी घातलंत. आमटी चाखलीत ना? मी बघत होते."

"चाखली."

बाई त्याच्या तळहाताकडे बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मामा, चव कधी गेली?"

हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. त्याने तळहात फडक्याला पुसला.

"नापास करा, बाई. पण कारण बाहेर जाऊ देऊ नका, घरी बायकोला कळायला नको. आचाऱ्याची बायको आहे ती. रोज ताट वाढून माझ्या तोंडाकडे बघत बसते, भाजी जमलीय का म्हणून."